दाक्षायणीबाईंचा अर्धा रस्ता

जुळे सोलापूर जिथं संपतं, तिथं आमचा रस्ता आहे. संपतं असं कागदावर. रस्त्यात उभं राहिलं तर काहीच संपल्यासारखं दिसत नाही. अलीकडची घरं शहरात, पलीकडची गावात. आम्ही घरपट्टी पालिकेत भरतो, समोरचे ग्रामपंचायतीत. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्यांच्याकडं बोअर आहेत. घंटागाडी आमच्या दारावरून जाते, तेव्हा समोरच्या बायकाही बादल्या घेऊन रस्ता ओलांडतात. गाडीवाला त्यांचा कचरा घेतो. त्यानं कधी कुणाला हद्द विचारली नाही.

आमच्या बाजूला सगळ्यात आधी घर बांधलं ते दाक्षायणीबाईंनी. मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कन्नड, शाळेत मराठी, असं आयुष्य गेलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, बदल्यांमागं तालुके फिरल्या आणि शेवटी इथं येऊन टेकल्या. यजमान ईश्वरप्पा सूतगिरणीत हिशेब बघायचे. त्यांना सगळा रस्ता आण्णा म्हणतो. मुलगी लग्न होऊन हुबळीला. घरात दोघंच.

बाईंचा स्वभाव शिक्षिकेचा. नीट सांगितलं की माणूस ऐकतो, अशी त्यांची समजूत. दारात कुणी थुंकलं तर त्या ओरडायच्या नाहीत. त्याला थांबवून, आपण इथं रोज झाडतो, हे समजावून सांगायच्या. निम्मे लोक ऐकायचे. उरलेल्या निम्म्यांना आपलं सांगणंच कमी पडलं, असं त्या धरून चालायच्या.

त्यांच्या बरोबर समोर बजाबाईंचं घर. बजाबाई करमाळा तालुक्यातल्या, जेऊरच्या. नवरा गेल्यावर थोरल्या दिरांकडं शेत सोपवून मुलाबरोबर इकडं आल्या. मुलगा उदयसिंह, सून ऋतुजा. उदयसिंहचा छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो; मार्केट यार्डातून भाजी उचलायची आणि गावोगावच्या बाजारांना पोचवायची, हा धंदा. बाईंचं घर बांधायला निघालं तेव्हा शहराचं पाणी अजून या टोकापर्यंत आलं नव्हतं. बांधकामाला सगळं पाणी बजाबाईंच्या बोअरचं. त्या वेळी रस्त्यावरून टाकलेली निळी पाईप पुढं कितीतरी दिवस तशीच होती, कारण दोघींनाही ती काढावीशी वाटली नाही.

संध्याकाळी बाई समोर जाऊन बजाबाईंच्या पायरीवर बसायच्या. मेथी निवडणं, शेंगा फोडणं, जे हाताला असेल ते. एका उन्हाळ्यात बाईंनी बजाबाईंना सही करायला शिकवलं. बजाबाईंनी बाईंना बाजरीची भाकरी हातावर थापायला शिकवलं, म्हणजे प्रयत्न केला. ती काही बाईंना जमली नाही.

आता टेम्पोचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बजाबाईंच्या बाजूला रस्त्याच्या कडेनं उघडी गटार आहे आणि मध्येच विजेची डीपी. कडेची माती भुसभुशीत. उदयसिंहनं एकदा भरलेला टेम्पो तिथं लावला, तर मागचं चाक खचून गाडी गटारीकडं कलंडली. तेव्हा बाईच त्याला म्हणाल्या, आमच्या भिंतीला लागून लावत जा, आम्हाला कुठं गाडी आहे? तेव्हापासून टेम्पो बाईंच्या कंपाऊंडला लागून उभा. सकाळी त्यातून पडलेली कोथिंबीर कुंडीतल्या झाडांवर असायची.

मग रस्त्याच्या टोकाच्या ज्वारीच्या रानात लग्नाचं लॉन्स झालं. मोठी कमान, कारंजं, हजार माणसांची सोय. गाड्यांची सोय मात्र पन्नासएक. तिथी असली की दुपारी बारापासून आमचा रस्ता गाड्यांनी बुजून जायचा. फाटकासमोर, वळणावर, झाडाखाली, जिथं जागा दिसेल तिथं. लोक फेटे सावरत उतरायचे, काच वर करायचे आणि निघून जायचे. बाई फाटकात उभ्या राहून प्रत्येकाला सांगायच्या, ‘अहो, हे येण्याजाण्याचं दार आहे.’ ‘दोन मिनिटं, ताई, नुसत्या अक्षता टाकून आलो,’ असं म्हणून माणूस जेवण करून, पान खाऊन यायचा.

असंच एका तिथीला आण्णांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला. बाईंनी शेजारी आमच्याकडं हाक मारली. मी रिक्षा आणायला पळालो, पण रिक्षा कोपऱ्यावरच अडली आणि बाईंच्या फाटकाला चिकटून एक पांढरी मोटार उभी. तिचा मालक लॉन्समध्ये कुठं शोधायचा? माईकवरून नंबर पुकारायला सांगितला, तर मंगलाष्टकं चालू होती. तेवढ्यात उदयसिंह समोरून आला. त्यानं काही विचारलं नाही. घरातली गादी आणून टेम्पोच्या हौद्यात टाकली. आम्ही दोघांनी आण्णांना फाटकाच्या फटीतून आडवं करून बाहेर काढलं आणि टेम्पोत झोपवलं. बाई आणि बजाबाई दोघी मागं त्यांच्याजवळ बसल्या. हॉर्नवरचा हात न काढता त्यानं गाडी बाहेर काढली. आण्णा वाचले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

त्या दवाखान्यातच बाईंनी ठरवलं की या रस्त्याचं काहीतरी करायचं.

आण्णा घरी आल्यावर बाईंनी अर्ज लिहिला: रस्त्यावर फक्त रहिवाशांनाच गाडी लावता यावी, त्यासाठी घरटी परवाना द्यावा. पुण्यामुंबईकडं असं काही चालतं, असं त्यांना मुलीकडून कळलं होतं. दोन्ही बाजूंनी फिरून त्यांनी सह्या घेतल्या. बजाबाईंनी आपलं नाव सावकाश, जपून लिहिलं आणि बाईंनी ते दोनदा कौतुकानं पाहिलं.

पुढं दीड-दोन वर्षं बाई फिरत होत्या. विभागीय कार्यालयात सांगितलं, रस्त्याची अर्धी रुंदी आमची, उरलेल्या अर्ध्याचं आम्हाला काही करता येत नाही. ग्रामपंचायतीत सांगितलं, रस्ता करून दिला शहरानं, त्यामुळं गाड्यांचं तेच बघतील. वाहतूक शाखेनं सांगितलं, दोघांचा ठराव आणा. कुणी उद्धटपणे बोललं नाही. खुर्ची दिली, चहाही दिला. विभागीय कार्यालयात शिवप्पा नावाचा एक लिपिक होता, तो बाईंशी कन्नडमध्ये बोलायचा आणि फाईल कुठं अडली आहे ते खरंखुरं सांगायचा. बाईंना तेवढ्यानंही बरं वाटायचं. घरी येऊन आण्णांना सांगायच्या, आज इथपर्यंत आलं. आण्णा म्हणायचे, ‘बिडु.’ कन्नडमध्ये सोडून दे म्हणायचं तर एवढंच म्हणतात. बाईंनी सोडलं नाही.

आणि एक दिवस परवाना मंजूर झाला. प्रायोगिक तत्त्वावर, आमच्या एका रस्त्यापुरता. आमच्या बाजूला पिवळा पट्टा मारला, दोन खांबांवर पाट्या लागल्या: ‘फक्त परवानाधारक रहिवाशांसाठी.’ घरटी दोन स्टिकर. ते वाटायला आणि तक्रारी कळवायला रस्त्यातलाच एक माणूस समन्वयक म्हणून हवा होता. दुसरं कुणाचं नाव पुढं येणार? बाईंचंच आलं.

स्टिकरचा गठ्ठा घरी आला, त्या संध्याकाळी बाईंनी तो उलटून-पालटून मोजला. समोरच्या घरांचे नव्हते. त्यांना वाटलं, दुसरा गठ्ठा असेल. दुसऱ्या दिवशी त्या शिवप्पाकडं गेल्या. त्यानं फाईल काढून पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाला, ‘बाई, परवाना घरपट्टीच्या पावतीवर मिळतो. त्यांची पावती आपली नाही.’

बाई म्हणाल्या, ‘पण अर्जावर त्यांच्या सह्या आहेत. त्यांनीही मागितलाय.’

‘मागितलाय. पण देणार कोण? आपण देऊ शकत नाही. पंचायत देऊ शकत नाही, कारण गाड्या लागतात ती बाजू आपली. तुमचं म्हणणं मला पटतं. साहेबांनाही पटतं.’

सगळ्यांना पटत होतं, हेच बाईंना कळेना. पटल्यावर गोष्ट होते, असं त्यांनी आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं.

त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला. स्वतःच्या घराचे दोन स्टिकर होते आणि गाडी एकही नव्हती. एक स्टिकर त्यांनी उदयसिंहच्या टेम्पोच्या काचेवर स्वतः चिकटवला. समोरच्या बाकीच्या घरांना म्हणाल्या, थोडं थांबा, मी बघते. त्यांच्या मोटारसायकली होत्या, त्या त्यांनी ओढून आत घेतल्या. काही दिवस सगळं ठीक चाललं. लग्नाच्या गाड्या आमच्या बाजूला यायच्या थांबल्या. एकदोनदा क्रेन येऊन गाड्या उचलून घेऊन गेली, तशी बातमी लॉन्सपर्यंत पोचली.

आमच्या रांगेत शेवटच्या घरात वीरभद्रप्पा राहतात. वाईट माणूस नाही. त्यांच्याकडं दोन मोटारी, एक त्यांची आणि एक मुलाची. मुलाची नवी मोटार लग्नातल्या कुणीतरी खरवडून ठेवली होती, तेव्हापासून ते या बाबतीत फार हळवे. बाईंच्या दारात येऊन ते शांतपणे म्हणाले, ‘नियम तुम्हीच आणला. मग धंद्याच्या गाडीला आणि बाहेरच्या माणसाला स्टिकर कसा? उद्या माझा मेहुणा म्हणेल, मलाही द्या. मी काय सांगू?’

बाई म्हणाल्या, ‘तो बाहेरचा नाही.’

‘तुमच्या दृष्टीनं नाही,’ वीरभद्रप्पा म्हणाले. यापुढं वाद नव्हता. त्यांनी वर अर्जही केला. शिवप्पाचा फोन आला, स्टिकर काढून घ्या, नाहीतर परवानाच रद्द करा म्हणून मागणी येईल. बाई टेम्पोजवळ गेल्या, तेव्हा उदयसिंह काच पुसत होता. त्या काय सांगायला आल्यात हे त्याला चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यानं नखानं कोपरा उचलून स्टिकर स्वतःच काढला आणि त्यांच्या हातात दिला. ‘ऱ्हाऊ द्या, बाई. लावतो कुटंतरी,’ म्हणाला.

कुठं लावणार? काही दिवस हायवेकडच्या मोकळ्या जागेत लावला, तर बॅटरी चोरीला गेली. मग पुन्हा बाईंनीच सांगितलं, इथंच लाव, बघू कोण काय करतं. त्या असं कधी बोलत नसत.

एका सकाळी क्रेन आली. उदयसिंह रात्रभर गाडी चालवून येऊन झोपला होता. मागं मोडनिंबच्या बाजाराला न्यायच्या टोमॅटोच्या पाट्या होत्या. साखळीचा आवाज ऐकून बाई अंगावरच्या साडीनिशी बाहेर आल्या आणि टेम्पोपुढं उभ्या राहिल्या. मी आमच्या फाटकातून बघत होतो. समोर दारात बजाबाई येऊन थांबल्या.

क्रेनवरचा माणूस सौम्य होता. परवाना आहे का, त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, ही गाडी इथलीच आहे, या रस्त्यावरची, समोरच्या घरातली. तो म्हणाला, समोरचं घर हद्दीत नाही. बाई म्हणाल्या, मी या रस्त्याची समन्वयक आहे, मी सांगते की गाडी राहू दे.

त्या माणसानं हातातल्या मोबाईलमध्ये बघितलं, मग बाईंकडं बघितलं.

‘तुमचं नाव दाक्षायणी ना? मग बाई, ही तक्रार तर तुमच्याच नावानं आलीय.’

झालं होतं असं, की रस्त्यातल्या कुणीही हेल्पलाईनला फोन केला तरी तक्रार समन्वयकाच्या नावावर नोंदली जायची. व्यवस्थाच तशी ठेवली होती. बाईंना ती माहीत नव्हती, आम्हालाही नव्हती. सगळं कळलं ते मागाहून. त्या क्षणी बाई नुसत्या बघत राहिल्या.  त्या आपणहून बाजूला झाल्या की त्यांना कुणी केलं, ते मला दिसलं नाही, पण पुढच्या वेळी बघितलं तेव्हा टेम्पोची मागची चाकं वर गेली होती आणि पाट्या एकमेकींवर घसरत होत्या.

बजाबाई गटारीवरच्या फरशीपर्यंत आल्या.

‘तुमी नाव दिलं व्हय, बाई?’

‘नाही हो. मी नाही दिलं.’

‘मंग त्यो म्हनतुय ते?’

बाईंनी सांगायला सुरुवात केली, पण त्यांनाच कारण ठाऊक नव्हतं, तर सांगणार काय? बजाबाईंनी थोडं थांबून वाट बघितली. मग आत जाऊन मुलाला उठवलं.

टेम्पो दुसऱ्या दिवशी सुटला. टोमॅटो गेलेच. बाईंनी दंड भरायला माणूस पाठवला, तर उदयसिंहनं आधीच भरला होता. खरा प्रकार शिवप्पाकडून कळल्यावर बाई समोर गेल्या. ऋतुजानं दार उघडलं, सासूबाई झोपल्यात म्हणाली. बाई परत आल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या तेव्हा त्या देवळात गेल्या होत्या. मग बाई जायच्या थांबल्या, आणि संध्याकाळी आमच्या फाटकाशी येऊन उगाच काहीतरी बोलत उभ्या राहायला लागल्या.

त्यांनी समन्वयकपद सोडते म्हणून लिहून दिलं. दुसरं नाव सुचवा, असं उत्तर आलं. आमच्यातलं कुणी तयार झालं नाही; मीही नाही. नाव बाईंचंच राहिलं. प्रत्येक तक्रारीचा संदेश त्यांच्याच मोबाईलवर येत राहिला.

आणि त्या वर्षीच्या लग्नसराईत जे व्हायचं ते झालं. आमच्या बाजूला पिवळा पट्टा, म्हणून सगळ्या गाड्या समोर लागायला लागल्या. गटारीच्या काठावर, दोन चाकं मातीत, दोन रस्त्यावर, अगदी बजाबाईंच्या पायरीला टेकून. आमची बाजू स्वच्छ, मोकळी, झाडून ठेवल्यासारखी. समोर माणसाला दारातून तिरकं बाहेर पडावं लागायचं. बाईंनी क्रेन बोलावली. क्रेन आली, उभी राहिली आणि तो सौम्य माणूस म्हणाला, ‘ती बाजू आमच्याकडं नाही, बाई.’ ग्रामपंचायतीत गेल्या. सरपंच म्हणाले, हद्दवाढ होऊ द्या, सगळा प्रश्नच मिटेल. कधी होईल? ते कोण सांगणार.

एकदा एक गाडी खचून गटारीत गेली, तेव्हा ती काढायला उदयसिंहनंच दोर दिला.

पावसाळ्याआधी बजाबाईंच्या घरच्यांनी घर भाड्यानं द्यायचं ठरवलं. उदयसिंह आणि ऋतुजा मार्केट यार्डाजवळच्या खोल्यांत गेले. तिथं टेम्पोला आत जागा होती. बजाबाई जेऊरला दिरांकडं गेल्या. सामान गेलं त्या दिवशी बाई अंगणात उभ्या होत्या. बजाबाईंनी टेम्पोत बसताना हात जोडले. बाईंनीही जोडले. जवळ कुणीच गेलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी बाई आण्णांना आमच्यावर सोपवून एकट्याच पॅसेंजरनं जेऊरला गेल्या. कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा उतरून परत जावं असं वाटलं, असं त्या मला म्हणाल्या. पण उतरल्या नाहीत. जेऊरला विचारत विचारत मळ्यात पोचल्या. बजाबाई केळीच्या बागेशेजारी शेळीला पाला टाकत होत्या. त्यांनी हात धुतले, घोंगडी टाकली, चहा ठेवला. आण्णांचं विचारलं, हुबळीच्या लेकीचं विचारलं. रस्त्याचं काही विचारलं नाही.

शेवटी बाईंनीच काढलं. ती तक्रार मी केली नव्हती, नाव माझ्या नकळत लागलं होतं, हे सगळं पहिल्यापासून सांगितलं. बजाबाईंनी ऐकून घेतलं.

‘मला म्हाईत हाय,’ त्या म्हणाल्या. ‘उदयनं सांगितलं की मागंच.’

‘मग तुम्ही एकदाही बोलला नाहीत.’

‘काय बोलायचं, बाई? तुमी न्हाय केली, तरी गाडी गेलीच की. तुमच्या म्होरंनं गेली. तुमास्नी बी थांबवता आली न्हाय. मग मला वाटलं, आपलं हितलं काय खरं न्हाय.’ थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘राग तुमचा न्हवताच. पर बगवत न्हवतं तुमच्याकडं.’

 जेवून जायचा आग्रह झाला. बाजरीची भाकरी, शेंगांची चटणी, वांगं. निघताना बजाबाई डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, ‘आण्णास्नी घिऊन या एकदा. गाडी करून या. हितं कुटंबी लावा.’

त्या हसल्या, म्हणून बाईही हसल्या. परतीची गाडी उशिरा आली.

पुढच्या आठवड्यात दोन्ही हद्दींची मिळून एक बैठक असल्याचा निरोप शिवप्पानं दिला होता. बाई गेल्या. पंचायतीकडून कुणी आलं नव्हतं. बैठक पुढं ढकलली. घरी येऊन त्यांनी पाय धुतले, आण्णांना गोळ्या दिल्या. तेवढ्यात मोबाईल वाजला. रस्त्यावर विनापरवाना वाहन असल्याची तक्रार होती, तक्रारदार दाक्षायणी. बाईंनी फाटकात येऊन दोन्हीकडं बघितलं. आमच्या बाजूला, वळणाशी, औषधं पोचवणारी एक छोटी गाडी उभी होती आणि तिच्या चालकाला घर सापडत नव्हतं. क्रेन यायच्या आत बाई त्याला पत्ता सांगायला घाईनं निघाल्या.